एका कानातली पाल

गोवराची साथ ओसरली नव्हती, तरी संस्थानच्या दिवाणसाहेबांनी शाळा उघडायचा हुकूम लिहून ठेवला. “मुलं शाळेत येणार, घरी जाणार. त्यात साथ कशी पसरेल?” असं त्यांचं म्हणणं.

हेडबाई सत्यभामाबाईंनी वाद घातला नाही. एक तास एकच वर्ग भरवायची परवानगी तेवढी मागितली, आणि त्या तासात एकाच मुलीच्या कानात सांगितलं, “दिवाणसाहेब पालीला भिऊन पलंगावर चढून बसतात.”

दुसऱ्या दिवशी दिवाणसाहेब लालबुंद होऊन शाळेत आले. “सासुरवाडीहून पाल हाकलायला माणूस आला माझ्याकडे! गावभर कुणी केलं हे?”

“मी एकीलाच सांगितलं, साहेब. आणि हे पसरायला बोलावं तरी लागलं. गोवराला नुसती शिंक पुरते.”

दिवाणसाहेबांनी खिशातला हुकूम काढून फाडला. जाताना मात्र दारावरची भिंत नीट न्याहाळूनच ते बाहेर पडले.