करदोट्याचा जोड

"जोड मागितला की द्यायचा. का, ते विचारायचं नाही."

दोऱ्याचा मान आमच्या घराकडे आला, तेव्हापासून घरातल्या बायका हे एकमेकींना सांगत आल्या आहेत. आत्याने मला सांगितलं.

मी विचारलं, "का?"

आत्याने टकळी बाजूला ठेवली. "कॉलेजात जाऊन आलीस ना? मग मठात जा आणि बुवांनाच विचार."

आमच्या गावात पुरुषाच्या कमरेचा करदोटा तो मेल्यावरच तोडतात. जिवंतपणी घट्ट झाला तर तोडायचा नाही, त्याला जोड द्यायचा. जोड भंडाऱ्याच्या दिवशी, मठात, आमच्या घरी वळलेल्या दोऱ्याचा. आणि खुद्द बुवांच्या करदोट्याला जोड पडला, की ते वर्ष गावाला सुखाचं जातं म्हणतात. ढोल वाजवतात.

माझ्या वडिलांचा, अण्णांचा करदोटा गेल्या वर्षी तोडला. त्याला चार जोड होते. अण्णांनी पन्नाशीही गाठली नव्हती.

"खात्यापित्या घरचा माणूस गेला," असं गावातले वडीलधारे केरबातात्या म्हणाले होते. कौतुकाने.

मी हातातली दोऱ्याची गुंडी तशीच घेऊन मठात गेले.

सोमनाथबुवा ओट्यावर पाय लांब करून बसले होते. उजव्या पायाला पट्टी होती. अंगठ्याची जखम दिवाळीपासून भरत नव्हती.

"बुवा, तुमची साखर किती आहे?"

"माझी कुठली साखर? गाव आणून देतं."

"डॉक्टर काय म्हणाले?"

"गोड आणि तूप थांबवा. नाहीतर पाय काढावा लागेल."

"मग थांबवा."

"पुढे आलेल्या ताटाला नाही म्हणायचं नाही, असं व्रत आहे माझं."

"व्रत घेतलंत तेव्हा ताटात काय असायचं?"

बुवांनी आठवून पाहिलं.

"कण्या. आंबील. दुष्काळात लोक रिकामंच ताट पुढे ठेवून रडायचे. मी हात जोडून म्हणायचो, जेवलो."

"आणि माधुकरीला किती चालायचात?"

"पाच गावं."

"आता?"

"आता जीप येते."

"मग ते व्रत उपाशी माणसाचं होतं! आता कालवा आला, ऊस आला, घरोघरी गूळ आणि तूप आलं. माणूस मात्र तोच राहिला. आपल्या मुलखातल्या माणसाचे हातपाय काटकुळे. चरबी बसते ती पोटात, आतड्यांभोवती. गोऱ्या माणसाला जेवढं पोट झेपतं, तेवढं आपल्याला झेपत नाही. वजनकाट्यावर माणूस बरा दिसतो आणि आतून साखर, रक्तदाब, हृदय... मी आरोग्य शिबिरात सगळ्यांच्या कमरा मोजायला फीत घेऊन उभी होते, बुवा."

"मोजल्यास?"

"केरबातात्यांनी मोजू दिल्या नाहीत. पोट मोजू नये म्हणे, दृष्ट लागते."

बुवा हसले. त्यांचं पोट बराच वेळ हसत राहिलं.

"हसू नका. तुम्ही एकदा नाही म्हणा. तुमचं ऐकतील."

"मी नाही म्हणणार नाही."

"पाय गेला तरी?"

"पाय गेला तरी."

मी उठले. मला संताप आला होता. शिकल्यासवरल्यांनी डोकं फोडावं आणि म्हाताऱ्यांनी व्रतं कुरवाळत बसावं!

"पोरी..."

मी वळले. बुवा माझ्या चेहऱ्याकडे बघत नव्हते. माझ्या हातातल्या काळ्या दोऱ्याच्या गुंडीकडे बघत होते.

"व्रत माझं आहे," ते म्हणाले.

"ते ठाऊक आहे मला!"

आणि मी पाय आपटत घरी आले.

भंडाऱ्याच्या दिवशी बुवांसमोर घरोघरची ताटं मांडली गेली. पुरणपोळ्या, त्यांवर तुपाची धार, बासुंदी, गुळाचे लाडू. ओट्यावर गावातली जुनी माणसं बसली होती. बऱ्याच जणांचे पाय काडीसारखे आणि सदऱ्याची खालची बटणं ताणलेली. केरबातात्या मधोमध.

"यंदा बुवांना जोड लागणार!" तात्या ओरडले. ढोलवाल्याने टिपरू उचललं.

बुवांनी बंडी वर केली.

करदोटा मांसात रुतला होता. त्याच्या दोन्ही बाजूंना कातडी काळीनिळी झाली होती.

"पोरी, जोड दे," बुवा म्हणाले. या वेळी ते माझ्याकडेच बघत होते.

गुंडी माझ्या हातात होती. दोरा मी स्वतः वळला होता. चांगला पिळदार उतरला होता.

मी गुंडी मुठीत धरली.

"नाही."

"काय म्हणाली ही?" ओट्यावरच्या म्हाताऱ्या दगडूअण्णांनी शेजाऱ्याला विचारलं.

"उल्के, ही काय चेष्टेची जागा आहे?" केरबातात्या म्हणाले.

"चेष्टा नाही, तात्या. जोड मिळणार नाही. बुवांना नाही, तुम्हाला नाही, कुणालाच नाही."

"अगं, गावाचं वर्ष वाईट जाईल!"

"माझ्या वडिलांना चार जोड दिले. त्यातलं कुठलं वर्ष आमचं चांगलं गेलं, सांगा."

"बुवांच्या तोंडावर नाही म्हणतेस?"

"तोंडावरच म्हणते. पाय कापून आणल्यावर कुणाला म्हणू?"

"बाजारात ढिगाने दोरा मिळतो," मागून कुणीतरी म्हणालं.

"मग आणा. आणि त्याला मठाचा म्हणा."

कुणी उठलं नाही.

"हिच्या आत्याला बोलवा," दगडूअण्णा म्हणाले. "मान तिचा आहे. ही कोण?"

आत्या बायकांमधून पुढे आली. मला वाटलं, आता थोबाडीत बसणार.

तिने ओच्यातून टकळी काढली आणि माझ्या हातात दिली.

"विचारा आता हिलाच," ती म्हणाली आणि आपल्या जागी जाऊन बसली.

मी पुन्हा म्हटलं, "नाही."

ढोलवाल्याने टिपरू खाली ठेवलं. केरबातात्यांचा हात सदऱ्याखाली स्वतःच्या करदोट्याशी गेला. आत बोट घालून पाहत होते. बोट जात नव्हतं.



बुवांनी बंडी खाली ओढली. पहिल्या ताटातला एक घास मोडून तोंडात टाकला, सावकाश चावला. मग ताट समोरच्या पोरांकडे सरकवलं. दुसऱ्या ताटातला एक घास. तेही सरकवलं.

"आता आहे त्यातच भागवायला हवं," बुवा म्हणाले.