शिवफेरीचे दोन घडे

दिवाण रायाजीरावांनी नव्या नकाशावर अशी काही रेघ मारली, की गोजरा कुंभारणीची चूल एका पेट्यात गेली आणि चुलीपुढे जेवायला बसणारा नवरा दुसऱ्या पेट्यात!

त्याचं असं झालं. कांबरगडच्या राज्यात शिरगणती झाली. माणसं वाढली होती, म्हणून राज्याचे पेटे, म्हणजे विभाग, नव्याने पाडायचं ठरलं. प्रत्येक पेट्याचा एक पंच, लोकांनी हात वर करून निवडलेला. तळ्यातला गाळ कुणी न्यायचा, हे त्या पंचाच्या शब्दावर. कुंभारवाडी चांगलीच फुगली होती. आता पंच आपल्यातला होणार, चाकाला माती मिळणार, म्हणून कुंभार खुशीत होते.

पण त्याच गाळावर दिवाणांचा मेहुणा सर्जेराव डोळा ठेवून होता. त्याला तो आपल्या आमराईला हवा होता. मग दिवाणांनी कुंभारवाडीचे तीन तुकडे केले आणि तीन वेगवेगळ्या पेट्यांच्या शेपटांना बांधून टाकले. सर्जेरावाचा पेटा तर बघण्यासारखा होता. आमराईपासून निघून तळ्याला विळखा, तिथून नदीकाठाने बोटभर रुंदीने वर, मग भैरवाच्या डोंगरावरून पलीकडे, तिथली त्याची सासुरवाडी उचलून निवडुंगाच्या रानातून परत. नकाशावर कुणी पाल चिरडल्यासारखं दिसत होतं.

गोजरा दरबारात जाऊन उभी राहिली.

"महाराज, माझा नवरा जेवायला बसला की शीव ओलांडतो. आमचं भांडण झालं तर कुठल्या पंचाकडं जाऊ?"

दरबार हसला. दिवाण हसले नाहीत.

"बाई, प्रत्येक पेट्यात डोकी सारखी आहेत. मोजून पाडलेत. मडकी घडवण्याइतकं सोपं काम नाही हे."

"नसंल. मडकं वाकडं झालं तर मला मोडावं लागतं, दिवाणजी."

मानाजीराजे हट्टी गृहस्थ. एकदा 'आज पाऊस नाही' म्हणाले, म्हणून भर पावसात छत्रीशिवाय गाव फिरून आले होते. ते म्हणाले, "नकाशावर माझा शिक्का उठलाय. तो मागे फिरत नाही. हां, दिवाणजी स्वतःच्या तोंडाने म्हणाले की नकाशा चुकला, तर फिरवीन. अमावस्येच्या आत म्हणवून दाखव. नाही जमलं, तर कुंभारांनी तळ्याकडे फिरकायचं नाही."

दिवाण मिशीत हसले. जन्मात त्यांनी चूक कबूल केली नव्हती. मागे ते उंबऱ्याला अडखळून पडले, तेव्हा उंबरा चुकीच्या जागी बसवल्याबद्दल सुतार कोठडीत गेला होता.

घरी नवरा धोंडू म्हणाला, "त्यापेक्षा कोंबड्याला अंडं घालायला सांग. लवकर जमंल."

गोजराने घरात उरलेली सगळी माती मळली आणि दोन मोठे घडे घडवले. चांगले जाड.

अमावस्येच्या आधीच पंच निवडायचा दिवस आला. सर्जेराव निवडून आला. सासुरवाडीने तर दोन्ही हात वर केले. दुसऱ्या दिवशी दरबारात त्याच्या डोक्यावर पगडी चढते न चढते, तोच गोजरा आत आली. एक घडा डोक्यावर, एक कडेवर.

"पंचसाहेब, अभिनंदन. शिवफेरीचा घडा आणलाय. तळाला भोक पाडूनच आणलंय, तुम्हाला तसदी नको."

कांबरगडचा रिवाज जुना. नव्या पंचाने भरला घडा डोक्यावर घेऊन आपल्या पेट्याच्या शिवेवरून अनवाणी चालायचं. भोकातून पाण्याची धार शिवेवर पडत जाते, घडा वाटेत भरून घ्यायचा. सूर्योदयाला निघून सूर्यास्ताच्या आत परत पोचायचं. नाही पोचला, तर पगडी उतरते. आजवरचे पेटे भाकरीसारखे गोल; पंच दुपारच्या जेवणाला घरी यायचे. त्यामुळे फेरीचं कुणाला काही वाटत नसे. आणि दिवाणांची सगळी फिरती कागदावरच झालेली.

सर्जेरावाने नकाशा ओढून घेतला आणि आपल्या शिवेवरून बोट फिरवायला लागला. तळं, नदी, डोंगर. निवडुंगापाशी बोट थांबलं.

"पालखीतून गेलं तर?"

"माझे आजोबा पायी गेले," राजेसाहेब म्हणाले. "पायाला फोड असताना."

"घडा गड्याच्या डोक्यावर दिला तर?"

"मग पगडीपण गड्याच्याच डोक्यावर ठिवा," गोजरा म्हणाली.

सर्जेराव दिवाणांकडे वळला. "दाजी, ही रेघ डोंगरावरून कशाला नेली?"

"तुझी सासुरवाडी घ्यायला, गाढवा!" दिवाण भडकून बोलून गेले. मग त्यांनी आजूबाजूला पाहिलं. सगळा दरबार ऐकत होता.

"सासुरवाडी नको मला! चार पावलांचा पेटा द्या, पण गोल द्या. तुम्ही मारलेल्या रेघेवर मी मरू का? नकाशा चुकला म्हणा, नाहीतर ताईला सांगतो!"

राजाला दिवाण कधी भ्यायले नव्हते. पण घरी जाऊन बायकोला तोंड दाखवायचं होतं. त्यांनी कपाळ पुसलं, खाकरले आणि शेल्याच्या टोकात पुटपुटले, "नकाशा... जरा... चुकला."

"मोठ्याने," राजे म्हणाले.

"चुकला, महाराज."

"ठीक. नवे पेटे पाडा, गोल. कुंभारवाडी अखंड." राजे गोजराकडे वळले. "जिंकलीस तू. पण एक सांग, पंच एक आणि घडे दोन कसे?"

"एक चालणाऱ्याचा, महाराज. दुसरा रेघ मारणाऱ्याचा. तुमचा शिक्का फुकट कसा जाऊ द्यायचा? त्या रेघेवरनं एकदा तरी कुणी चालायला नको?"

राजे इतके हसले की सिंहासनाची उशी खाली पडली. तळ्याचा गाळ त्यांनी कुंभारवाडीला कायमचा लिहून दिला आणि हातातलं सोन्याचं कडं गोजराला. मग डोळे पुसत म्हणाले, "दिवाणजी, उद्या सूर्योदयाला. जोडे इथेच काढून जा."

गोजराने दुसरा घडा दिवाणांच्या पुढ्यात ठेवला.

"जाड घडवलाय, दिवाणजी. उंबरे लई लागतील वाटेत."