उद्याच्या अपघाताची वर्दी

सगुणा कासारणीच्या गाडीचं चाक नाक्याजवळच्या खड्ड्यात गेलं आणि मोडलं. आता कोळवणीच्या राज्यात चाक मोडलं तर घाबरायचं कारण नव्हतं, कारण तिथे हमी होती. ज्याच्याकडे गाडी असेल त्याने दरवर्षी मुकुंदशेटकडे हमीपट्टी भरायची, जुवाला पितळी बिल्ला ठोकायचा आणि गाडी मोडली की शेटने ती दुरुस्त करून द्यायची, असा महाराजांच्या शिक्क्याचा हुकूम होता. बिल्ला नसेल त्याला दंड. रयतेने कित्ता गिरवावा म्हणून खुद्द महाराजांनी आपल्या रथालाही बिल्ला लावला होता. रस्त्याचा नाकाही मुकुंदशेटकडेच होता. जाणाऱ्या-येणाऱ्याकडून पट्टी घ्यायची आणि रस्ता नीट राखायचा, असं त्याने कबूल केलं होतं. पट्टी तो अगदी नेमाने घ्यायचा.

सगुणाने हमीपट्टी कधी चुकवली नव्हती. उलट गेल्या साली तिची गाडी मोडली नाही म्हणून यंदा पट्टी वाढली होती. इतके दिवस मोडली नाही, म्हणजे आता मोडायची वेळ आली, असा शेटचा हिशेब. तो तेवढा बरोबर निघाला.

लग्नसराई तोंडावर आली होती. सगुणाची गाडी आडवी, बांगड्यांच्या पेट्या घरात, आणि तिच्या गिऱ्हाइकांना चुडा भरायला पलीकडच्या गावची कासारीण निघालेली. हा हंगाम हातचा गेला तर वर्षभर खायचं काय, या काळजीने तिने नाक्यासमोरची शेटची पेढी गाठली.

पेढीच्या ओसरीवर पिंजऱ्यात एक पोपट होता. कोणी पायरी चढलं की तो गोड आवाजात म्हणायचा, "आपण आम्हाला फार मोलाचे आहात. थोडं थांबा." थांबणाऱ्यांच्या करमणुकीसाठी कोपऱ्यात एक सनईवाला बसवला होता. त्याला एकच चीज येत होती, तीही अर्धी. बाकावर सगुणाच्या शेजारी एक तेली होता. त्याची गाडी त्याच खड्ड्यात गेल्या महिन्यात मोडली होती आणि ती सनई त्याला आता झोपेतही ऐकू यायची. पहिल्या कारकुनाने सगुणाला दुसऱ्याकडे धाडलं, दुसऱ्याने तिसऱ्याकडे, आणि तिसरा म्हणाला की हे काम पहिल्याचं. बाकावर बसण्याचे पैसे वेगळे, तक्रार ऐकून घेण्याचे वेगळे.

आठवड्याने एकदाची शेटची गाठ पडली.

"चाक मोडल्याची वर्दी केव्हा दिलीस?" शेटने विचारलं.

"मोडलं त्याच दिवशी की."

"तिथंच चुकलं. अपघाताची वर्दी आदल्या दिवशी द्यायची असते. महाराजांच्या शिक्क्याचा नियम आहे."

"अवं शेटजी, उद्या चाक मोडणार, ते आज कसं कळावं माणसाला?"

"ते तुझं तू बघ. आदल्या दिवशीची वर्दी आण आणि नवं चाक घेऊन जा."

कारकून तोंडाला उपरणं लावून हसले. सगुणाच्या अंगाचा तिळपापड झाला. पण हातावर जोर केला की बांगडी फुटते आणि नुकसान कासारणीचंच होतं, हे तिला धंद्याने शिकवलं होतं. ती उठून गेली.

दुसऱ्या दिवशी ती परत आली आणि भरल्या ओसरीवर पहिल्या कारकुनाला म्हणाली, "वर्दी घ्या. उद्या महाराजांच्या रथाचं चाक नाक्याजवळच्या खड्ड्यात मोडणार हाय."

महाराज उद्या त्याच रस्त्याने देवीच्या जत्रेला जाणार, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. कारकुनाने मान वर न करता पैसे घेतले आणि वर्दी दुसऱ्याकडे सरकवली. दुसऱ्याने तिसऱ्याकडे. शेटच्या कानावर जायला तिलाही आठवडा लागणार होता.

आणि तिसऱ्या दिवशी सकाळी नाक्याजवळ काडकन आवाज झाला. धुळीने माखलेले महाराज, पगडी वाकडी झालेली, तरातरा पेढीची पायरी चढले.

"आपण आम्हाला फार मोलाचे आहात," पोपट म्हणाला. "थोडं थांबा."

सनईवाल्याने सवयीने सनई तोंडाला लावली. महाराजांना आजवर कोणी थांबा म्हटलं नव्हतं. ते पोपटाकडे बघतच राहिले. तेवढ्यात मुकुंदशेट धोतर सावरत धावत आला आणि नवं चाक आत्ताच्या आत्ता बसवतो, म्हणून हात जोडू लागला.

"असं कसं, शेटजी?" सगुणा बाकावरून उठली. "महाराजांनी काल वर्दी दिली हुती का? नियम त्यांच्याच शिक्क्याचा हाय न्हवं?"

महाराजांना शिक्का मारण्याआधी वाचायची सवय नव्हती, आणि मारलेला शिक्का मागे घ्यायची तर मुळीच नव्हती. "शिक्का माझा असेल तर नियम मलाही लागू," ते गुरगुरले. "मग आता मी जत्रेला चालत जायचं?"

"न्हाई महाराज. तुमची वर्दी म्या काल दिलीया."

कारकुनाने मान डोलावली. महाराजांचे डोळे बारीक झाले. "माझं चाक मोडणार, हे तुला काल कसं कळलं?"

शेटने संधी साधली. हा घातपात आहे, खड्डा हिनेच खणला असणार, हिला आधी कोठडीत टाका, असं तो ओरडू लागला. तेली बाकावर हळूच पलीकडे सरकला. सगुणाने आवाज ढळू दिला नाही.

"महाराज, ह्या तेलीदादांची गाडी त्याच खड्ड्यात मोडली. त्यांनी हितं तक्रार केली, ती माझ्या चाकाची वर्दी हुती. मग माझं चाक मोडलं. माझी तक्रार, ती तुमच्या रथाची वर्दी. आन् मला खोटी पाडायला शेटजींच्या पेढीला काल अख्खा दिवस हुता. चार पाट्या मुरूम टाकला असता, तर आज तुम्ही जत्रेत असता आन् मी खोटी ठरले असते!"

महाराज तिच्याकडे बघत राहिले, मग खड्ड्याकडे, मग शेटकडे. आणि एकदम असे हसले की वाकडी पगडी खालीच पडली. हसता हसता त्यांनी हुकूम सोडले. तेल्याचं आणि सगुणाचं चाक आजच. खड्डा शेटने स्वतः पाट्या वाहून भरायचा. नाका काढून घेतला. सगुणाला नवी गाडी, आणि राणीवशाचा चुडा यापुढे तिनेच भरायचा.

"आणखी काय हवं ते माग," महाराज म्हणाले.

सगुणाने थोडा विचार केला. "हा पोपट तेवढा राजवाड्याच्या देवडीवर टांगा, महाराज."

पुढच्या आठवड्यात मुकुंदशेट, तळहाताला पाट्यांचे फोड आलेले, नाका परत मागायला राजवाड्यावर गेला. देवडीवर पोपटाने त्याला लगेच ओळखलं.

"आपण आम्हाला फार मोलाचे आहात," तो म्हणाला. "थोडं थांबा."