आत्याबाईंच्या दोन हाका

करवंदीच्या जाळीत सातभाई पक्ष्यांचा एक थवा राहत असे, तेव्हाची ही गोष्ट. बाकीचे खाली किडे टिपत आणि म्हाताऱ्या आत्याबाई उंच फांदीवर पहाऱ्याला बसत. आभाळात ससाणा दिसला की त्या हाक देत, सगळे जाळीत शिरत. जाळीत साप दिसला की वेगळी हाक देत, सगळे वर उडत. दोन्ही हाका ऐकायला जवळजवळ सारख्याच. सापाच्या हाकेचा शेवट तेवढा जरासा तुटका.

वणव्यात आपलं रान गमावलेली करडी नावाची पक्षीण त्यांच्यात राहायला आली. तिने पहिल्याच दिवशी विचारलं, "आत्याबाई, मला दोन्ही हाका सारख्याच वाटतात. पुन्हा एकदा ऐकवाल का?"

"अगं, आमची कालची पिल्लंसुद्धा ओळखतात!" आत्याबाई म्हणाल्या. सगळा थवा खदखदून हसला. करडीही हसली.

त्यानंतर तिने कधीच काही विचारलं नाही. हाक आली की ती इतरांकडे बघायची आणि ते करतील तसं करायची. हिला आता सगळं कळतं, असं आत्याबाईंना वाटलं.

एका दुपारी करडी जाळीपलीकडे एकटीच टिपत होती. हाक आली. तिने इकडेतिकडे पाहिलं, पण बघायला जवळ कुणीच नव्हतं. ती जाळीत शिरली.

साप तिथेच होता.

पुढे आत्याबाई रोज सकाळी हळू आवाजात दोन्ही हाका पुन्हापुन्हा ऐकवू लागल्या. पिल्लं कंटाळून म्हणायची, "येतं आम्हाला, आत्याबाई! कुणी विचारलंय?"

"विचारलं होतं," आत्याबाई म्हणायच्या आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करायच्या.