हौसाक्काचा तितर

फार मागची गोष्ट. इतकी मागची, की आपल्या पणज्यांच्या पणज्यांनीही ती ऐकलीच होती, पाहिली नव्हती.

घाटाच्या डोक्यावर बोरजाई नावाचं गाव. तिथं हौसाक्का राहायची. एकटीच. दोन लेकरं पाळण्यातच गेली, मागोमाग नवरा गेला. हातात मात्र तिच्या कला होती. बाळांच्या कुंच्यांवर भरायची नक्षी ती काढून द्यायची, आणि एका बाळाची नक्षी दुसऱ्याला कधी द्यायची नाही. आधी कोळशानं कागदावर चित्र काढायची. मग दोन कागद एकावर एक धरून रेघेरेघेनं सुईची भोकं पाडायची. असा भोकांचा एक खाका बाळाच्या आईला, एक स्वतःपाशी. आईनं तो घरी नेऊन कापडावर ठेवायचा, वरून निळीची पुरचुंडी थोपटायची, की भोकाभोकातून ठिपके खाली उतरायचे. त्या ठिपक्यांवरून मग दोरा चालायचा.

पण गाव तिला बाळ दाखवायचं नाही. "स्वतःची दोन खाल्ली तिनं," बाया म्हणायच्या. हौसाक्का वाटेत दिसली, की बाळाच्या तोंडावर पदर. नक्षी सांगायलाही आई एकटीच यायची, बाळ सासूपाशी ठेवून, आणि उंबऱ्याबाहेरच उभी राहायची. हौसाक्का आतून विचारायची, "काय करतं गं तुझं लेकरू? हसताना गालाला काय होतं?" जेवढं सांगितलं तेवढ्यावरून ती चित्र काढायची. आपल्याजवळचा कागद दोरीला अडकवून ठेवायची. वाऱ्यानं कागद हलले, की भोकांतून आलेले उजेडाचे ठिपके भिंतभर धावायचे. तिच्या घरात तेवढीच पोरं खेळायची, असं म्हणतात.

त्याच गावात सकवार होती. पहिलंच लेकरू, त्यामुळे पोर शिंकलं तरी हिच्या छातीत धडधडायचं. पोराचं नाव भैरू. थंडी आली तशी सकवार कुंचीची नक्षी मागायला आली.

"चालतो कसा गं?" हौसाक्कानं विचारलं.

"एक पाय उचलतो आणि तसाच उभा राहतो. मी मागं आहे का, ते मान वळवून बघतो."

"अगं, मग तो तितरच की!" हौसाक्का हसली. "आण ना एकदा. लांबूनच बघते."

"झोपलाय तो," सकवार म्हणाली.

पलीकडच्या आळीतून भैरूचं ओरडणं ऐकू येत होतं. ते दोघींनीही ऐकलं.

पुढं एका बाजाराच्या दिवशी तीच कुंची घातलेला भैरू हरवला. मीठ विकून गाड्या रिकाम्या परतत होत्या. त्यातल्याच एकीत चढून तो पोत्यांखाली निजला असणार. गाड्या घाट उतरून पाच वाटांनी पांगल्या. गावातले गडी आठ दिवस हिंडले आणि हात हलवत परत आले. सकवार दारात बसली ती उठेचना.

हौसाक्कानं दोरीवरचा भैरूचा खाका काढला. नीळ जवसाच्या तेलात कालवली, म्हणजे पुसायची नाही. आणि कुणालाही न सांगता ती घाट उतरली. वाटेत चावडी दिसली की तिच्या भिंतीवर, विहीर दिसली की तिच्या कठड्यावर, तिठ्यावरच्या चिंचेच्या खोडावर ती खाका धरायची आणि एक पाय उचललेला तितर उठवायची. म्हणायची, "हे पाखरू ज्या पोराच्या डोक्यावर दिसेल, ते बोरजाईचं. आणून सोडा बाबांनो." तिनं भैरूचं तोंड कधी पाहिलंच नव्हतं. पोर समोर येऊन उभं राहिलं असतं, तरी तोंडावरून तिला ओळखता आलं नसतं.

चार दिवसांनी मडकी घेऊन आलेला कुंभार सकवारला म्हणाला, "वहिनी, तुमच्या पोराचं पाखरू वाटेवर गावोगाव उमटलंय. उजवीकडं बघतंय. एका गाडीतल्या पोराच्या कुंचीवर तसंच होतं म्हणे, पण ते डावीकडं बघणारं. म्हणून लोकांनी गाडी जाऊ दिली."

सकवार दारातून उठली. कारण कुंचीवरचा तितर डावीकडंच बघत होता. तिनं कागद पालथा घातला होता. गावातल्या सगळ्याच बाया घालायच्या. हौसाक्काचा खाका पालथा ठेवला की तिची नजरही पालथी पडते, असं सासवांनी सुनांना शिकवलेलं होतं.

सकवार धावत सुटली. अकराव्या गावात विहिरीच्या पायरीवर हौसाक्का दिसली. कोपरापर्यंत निळी झालेली.

"आक्का, कागद मी पालथा घातला होता. त्याचं पाखरू डावीकडं बघतंय."

हौसाक्कानं तिच्याकडं पाहिलं. "तू एकटीनंच?"

सकवारनं मान खाली घातली. "सगळ्याच घालतो."

हौसाक्का बराच वेळ पदरानं बोटं पुसत राहिली. नीळ काही निघाली नाही. इतकी वर्षं, इतकी लेकरं, आणि तिनं काढलं तसं चित्र एकाच्याही डोक्यावर नव्हतं. मग तिनं खाका उलटा केला. "खरखरीत बाजू वर आली की रेघ जाड येते," एवढंच म्हणाली. त्याच्याखाली कोरा कागद धरून तिथंच भोकं पाडली आणि नवा खाका, थोड्या कालवलेल्या निळीसकट, सकवारला दिला.

"मागची गावं तू कर. मी पुढं जाते."

"आक्का, परत ये. तो आला की आधी तुझ्या मांडीवर देईन."

"आधी येऊ तर दे."

सकवार उलट पावली निघाली. प्रत्येक ठिकाणी उजवीकडं बघणाऱ्या तितरासमोर तिनं डावीकडं बघणारा उठवला. म्हणून त्या वाटेवर अजूनही तितरांच्या जोड्या आहेत, एकमेकांकडं बघणाऱ्या.

दोन पावसाळे गेले, पण नीळ फिकी झाली नाही. दूर मिठागरांच्या गावात एका म्हातारीनं भैरूला पोटाशी धरलं होतं. एके सकाळी तिनं आपल्या विहिरीवर त्याच्या कुंचीवरचं पाखरू पाहिलं. तिच्या डोळ्यांदेखत त्यानं उचललेला पाय खाली टेकवला आणि ते पुढच्या झाडाकडं चालू लागलं, असं म्हणतात. झाडावरून भिंतीवर, भिंतीवरून कठड्यावर. पोराला काखोटीला मारून म्हातारी त्याच्यामागं चालत आली ती थेट बोरजाईला. आईला बघून भैरूनं एक पाय उचलला आणि तसाच उभा राहिला.

हौसाक्का मात्र केव्हाच पुढं गेली होती. पोर सापडलं हे तिला कोण सांगणार? सकवारनं माणसं धाडली. त्यांना तितर सापडत गेले, बोट लावलं तर बोट निळं होईल इतके ओले. हौसाक्का सापडली नाही. शेवटचा तितर समुद्रातल्या खडकावर होता. ती अजून शोधतेच आहे, असं म्हणतात.

बोरजाईत आता आया स्वतःच नक्षी काढतात, पण खाका कुणी पालथा घालत नाही. कुंचीचा पहिला टाका घालण्याआधी बाळाला हौसाक्काच्या उंबऱ्यावर नेतात. आत कुणी नसतं. आई बाळाच्या तोंडावरचा पदर बाजूला करते आणि म्हणते, "आक्का, झोपला नाही गं. बघ."