एक झाकलेलं, चार उघडी

हरणखोलच्या उदाजीराव महाराजांनी सकाळी दूध पिता पिता हुकूम दिला, की उद्यापासून दरबारचा गंजिफांचा कारखाना बंद. महाराज नुकतेच विलायतेहून पत्त्यांचा एक नवा खेळ शिकून आले होते आणि येताना छापील पत्त्यांचे बारा जोडही घेऊन आले होते. मग हाताने रंगवलेली ती गोल पानं आता कोण खेळणार?

हुकूम ऐकून म्हातारा रावबा चितारी मटकन खाली बसला. त्याच्या घरात सात पिढ्या गंजिफा रंगवण्याखेरीज कुणी काही केलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर कुणाला दुसरं काही येतही नव्हतं. त्याची सून हौसा मात्र उठली, रंगाचे हात पदराला पुसले आणि तडक दरबारात गेली. मुंडासं सावरत सासरा तिच्यामागे पळाला.

"सरकार, आमच्या पानांत काय खोट हाय?"

"खोट कसली? पण तुम्ही चितारी आपण रंगवलेलं पान पाठीवरूनसुद्धा ओळखता. तुमच्याबरोबर खेळावं तरी कसं?"

"मग तुमच्या छापील पानांवर खेळू की. मी जिंकले तर कारखाना चालू ठेवायचा."

दरबारी खुदकन हसले. महाराजांनी मिशीवर हात फिरवला. "कबूल. पण तुझं झाकलेलं पान शेवटपर्यंत बघायचं नाही!"

"न्हाई बघत. पर खेळ कसा असतो ते तरी सांगा."

खेळ समजावून सांगायला मिळाला की महाराज खुलत. "पहिलं पान पालथं, ते ज्याचं त्यालाच ठाऊक. पुढची चार एकेक करून उघडी, सगळ्यांना दिसतात. उघड्या पानांत ज्याचं भारी, तो आधी बोलतो. प्रत्येक उघड्या पानावर डाव लावायचा. एकानं लावलं की दुसऱ्यानं तोडीस तोड लावायचं, नाहीतर पानं टाकून उठायचं. शेवटी एकसारख्या दोन पानांची जोड असेल तो जिंकतो. दोघांचीही जोड असेल तर मोठी जोड जिंकते. दोन जोड्या एका जोडीला भारी, आणि एकसारखी तीन त्याहून भारी."

"आणि सगळ्यांनी पानं टाकली तर?"

"उरला तो जिंकला. त्याचं झाकलेलं पान कुणी विचारायचंही नाही."

महाराजांचं झाकलेलं पान आजवर कुणी पाहिलंच नव्हतं. त्यांनी डाव लावला रे लावला, की दिवाणांपासून फडणीसांपर्यंत सगळे अदबीने पानं टाकत. त्यामुळे आपण फार पोचलेले खेळाडू आहोत, असा महाराजांचा प्रामाणिक समज होता.

दिवाणांनी पानं वाटली. महाराजांना उघडा बादशहा आला, हौसाला सत्ती. महाराजांनी हातातली चांदीच्या मुठीची छडी पुढे ठेवली. हौसाने कमरेला खोचलेला रंग घोटायचा दांडा तिच्याशेजारी ठेवला.

दिवाण म्हणाले, "हे काय? छडीला दांडा?"

महाराज खो खो हसले. "असू द्या हो दिवाण. माझ्या हातातलं मी लावलं, तिच्या हातातलं तिनं. झाली तोडीस तोड!"

पुढची पानं आली. महाराजांना पंजी, हौसाला नव्वी. महाराजांनी डोक्यावरचा जरीचा फेटा काढून ठेवला. हौसाने मागे वळून सासऱ्याचं मुंडासं उतरवलं. रावबा बिचारा टक्कल झाकत उभा राहिला.

"डोक्यावरचं ते डोक्यावरचं," महाराज म्हणाले. त्यांना आता भलतीच मौज वाटू लागली होती.

तिसऱ्या पानाला महाराजांना आणखी एक बादशहा आला आणि हौसाला दुसरी सत्ती. महाराजांनी आपला पांढरा घोडा लावला. हौसाने शेळी लावली. दारातलं ते दारातलं, असा निवाडा महाराजांनी स्वतःच दिला.

शेवटी महाराजांना दश्शी आली, हौसाला चौकी. महाराजांची बादशहांची जोड सगळ्यांना दिसत होती. ते ऐटीत मागे टेकले. "मी काही लावत नाही. लावायला तुझ्याजवळ उरलंय तरी काय? बोल."

हौसाने अंबाड्यात खोवलेला कुंचला काढला आणि मुंडाशावर ठेवला.

"हा माझ्या सासऱ्याच्या खापरपणज्याचा कुंचला, सरकार. मी सात पिढ्यांचं काम लावते. हरले तर आमच्या घरातलं कुणी पुन्हा रंगाला हात लावणार न्हाई. आता तुम्ही लावा, तोडीस तोड."

दिवाण महाराजांच्या कानाशी लागले. "सरकार, आपल्या सात पिढ्यांचं म्हणजे… ही गादीच की!"

महाराजांनी गादीवर हात ठेवला. मग हौसाच्या पालथ्या पानाकडे पाहिलं. तिथे तिसरी सत्ती असली तर? नव्वी असली तर? चौकी असली तरी दोन जोड्या होत होत्या. पान काय आहे ते हौसालाही ठाऊक नव्हतं, म्हणून तिच्या तोंडावरून काही कळायची सोय नव्हती. महाराजांच्या कपाळावर घाम आला आणि तो टिपायला फेटाही नव्हता.

"टाकली पानं," ते हळूच म्हणाले.

जन्मात पहिल्यांदाच त्यांनी पानं टाकली होती. आता मात्र त्यांना राहवेना. "हौसा, ते पान उलट बघू."

"विचारायचं नसतं म्हणालात की. पर सरकारांसाठी उलटते."

दुर्री निघाली. बादशहांची जोड सहज जिंकली असती!

"अगं, न बघता, असल्या पानावर, सात पिढ्यांचं काम लावायचा धीर तुला झाला तरी कसा?"

"त्यात धीर कसला, सरकार? ते काम तर तुम्ही सकाळीच घेतलं होतं. गेलेलंच लावलं मी. तुमची गादी मात्र अजून तुमच्या बुडाखाली होती."

महाराज असे हसले, की त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. त्यांनी कारखाना चालू ठेवला, शेळी आणि मुंडासं परत दिलं, आणि घोड्याचा लगाम रावबाच्या हातात ठेवला. म्हातारा घोड्यापासून दोन हात लांबच उभा राहिला.

"आणि या खेळाचा जोडही आता तूच रंगवायचा," महाराज म्हणाले. "विलायती पानं पुरे झाली."

"रंगवते की," हौसा कुंचला अंबाड्यात खोवत म्हणाली. "फक्त एवढंच सांगा, त्यातला बादशहा फेट्यासकट काढू, का आत्ता दिसतोय तसा?"