उंबराखालचा दोर

फार जुनी गोष्ट आहे, नद्यांना अजून पूल माहीत नव्हते तेव्हाची. लहानांनी ऐकावी, आणि मोठ्यांनी तर कान देऊनच ऐकावी, कारण असला गाढवपणा मोठी माणसंच करतात.

एका नदीकाठी एक गाव होतं. नदीवर या काठापासून त्या काठापर्यंत जाड दोर ताणलेला असे. नावाडी नावेच्या तोंडाशी उभा राहायचा, तो दोर दोन्ही मुठींत धरायचा आणि हातामागून हात टाकत नाव पलीकडे न्यायचा. नाव दोराला बांधलेली नसायची. पुरात मोठमोठे ओंडके वाहत यायचे, आणि बांधलेली नाव त्यांच्याखाली सापडली असती. म्हणजे नावाड्याची मूठ सुटली की नाव गेली प्रवाहात, आणि खाली थोड्याच अंतरावर काळे खडक होते.

त्या दोराला गाव देव मानायचं. नियम असा, की जो दोन्ही पायांवर धड उभा राहील त्यानंच दोराला शिवायचं. लंगड्यानं शिवायचं नाही, आजाऱ्यानं शिवायचं नाही. नियम वाईट नव्हता. पण नियम कशासाठी आहे ते विसरून माणसं नुसता नियमच पाळायला लागतात ना, तिथं घात होतो.

गावचा नावाडी अंगापिंडानं दांडगा होता. तळहातांवर दोर ओढून ओढून घट्टे पडलेले. त्याला एकच लेक, पलीकडच्या गावात दिलेली. लग्नाच्या दिवशी त्यानंच तिला नदीपार नेलं होतं. उतरताना लेक रडायला लागली, तेव्हा तो म्हणाला होता, "रडतेस काय वेडे! पहिल्या बाळंतपणाला न्यायला मीच येतो की नाही बघ. माझ्या लेकीची नाव दुसरा कुणी ओढणार नाही."

पुढं होळीच्या सुमाराला नाव काठावर घेताना कलंडली आणि त्याच्या पायावर आली. नडगीचं हाड मोडलं. हाडं बसवणारी एक म्हातारी गावात होती. तिनं हाड बसवलं, बांबूच्या कामट्या लावून पाय घट्ट बांधला आणि म्हणाली, "पायाचं मी बघते. हातांचं तू बघ."

"हातांना काय झालंय माझ्या?"

"अजून काही नाही झालेलं. पण निजून राहिलास तर होईल. अंगणातल्या उंबराच्या फांदीवरून दोर टाक, टोकाला दगड बांध, आणि बाजेवर बसून ओढत जा रोज. पाय हलवायचा नाही, हात थांबवायचे नाहीत."

"आजी, मोडक्या पायानं दोराला शिवू? नियम माहीत नाही का तुला?"

"अरे, तो नियम नदीवरच्या दोराचा. उंबरावरच्या दोराला कोण देव मानतंय!"

बायकोनं त्याच दिवशी दोर टाकून दिला, दगडही बांधला. नावाडी कसाबसा बाजेवर बसला आणि ओढायला लागला. तेवढ्यात रस्त्यानं चाललेली दोन-चार माणसं कुंपणाशी थांबली.

"काय रे, पाय मोडला की डोकं?" एक जण म्हणाला. "पाणी नाही, आड नाही, आणि दगड कसला उपसतोयस?"

सगळे हसले. म्हटलं तर साधी थट्टा, कुणी मनात ठेवू नये अशी. पण ज्याच्या जोरावर सगळं गाव नदी उतरायचं, त्याला ती झोंबली. त्यानं दोर भिरकावून दिला आणि बायकोला सांगितलं, "काढ तो वरून. होईन धड, तेव्हाच हात लावीन दोराला."

मग काय, लाडच लाड! कुणी शिरा आणला, कुणी रस्सा आणला. पायाला तेल, पायाला शेक, पायाला पाला. येणारा प्रत्येक जण विचारायचा, "पाय कसा आहे?" हात कसे आहेत असं एकानंही विचारलं नाही. महिने गेले. तळहातांवरचे घट्टे सोलून निघाले, खाली मऊ कातडी आली. बायकोच्या ते ध्यानात आलं.

"अहो, दंड बघा किती उतरलेत तुमचे. तो दोर पुन्हा टाकू का?"

"तू गप गं," तो हसत म्हणाला. "राजवाड्यातल्या माणसासारखे मऊ हात झालेत. मजा आहे की!"

म्हातारी अधूनमधून यायची. पाय बघायची, हात बघायची. पुन्हा पुन्हा सांगून थकली, आणि मग तिनं सांगणं सोडून दिलं.

श्रावण आला. पाय असा जुळला, की कुठं मोडला होता ते दिसेना. त्याच आठवड्यात पलीकडून निरोप आला की लेकीला सातवा लागलाय, न्यायला या. नावाडी आनंदानं नाचायचाच बाकी राहिला. बायकोनं माजघरात बाज टाकली, डिंक आणून ठेवला, जुनी मऊ लुगडी धुऊन वाळत घातली.

काठावर त्याचा चुलतभाऊ उभा होता. इतके दिवस नाव तोच ओढत होता. तो म्हणाला, "दादा, पाणी चढतंय. मी ओढतो. तू बस पोरीजवळ गप्पा मारत."

"माझा पाय बघितलास का?" नावाड्यानं फळीवर दोन उड्या मारून दाखवल्या. "आता नियमही आड येत नाही. सरक बाजूला."

जाताना नाव रिकामी होती, तरी मध्यावर त्याला धाप लागली. पलीकडे पोचेपर्यंत हात लटलटायला लागले. लेक काठावर वाटच बघत होती. तिला नावेत बसवताना तिनं त्याचा हात धरला आणि तिच्या बोटांना रक्त लागलं.

"बाबा, फोड फुटलेत तुमच्या हाताचे! उद्या जाऊ या ना."

तेव्हा तो थांबला असता तर! पण काठावर जावई बघत होता, व्याही बघत होते. नावाडी म्हणाला, "अगं, काही नाही ते. तुझी आई तिकडं वाट बघतेय."

परतताना पाणी गढूळ झालं होतं, जोर वाढला होता. तरी निम्मी नदी त्यानं काढली. मग एक लोंढा आला आणि नाव खालच्या अंगाला ओढली गेली. त्यानं फळीवर पाय रोवले. मोडलेला पाय तसूभरही हलला नाही. हात सुटले.

खडकावर नाव फुटली. पाण्यात त्यानं लेकीचं मनगट पकडलं. पकडलं, पण धरून ठेवायला त्या हातांत काही उरलंच नव्हतं. तिनं "बाबा" म्हटलेलं त्याला ऐकू आलं. मग काही ऐकू आलं नाही.

प्रवाहानं त्याला वाळूवर टाकलं. तो उठला आणि स्वतःच्या पायांनी चालत घरी आला. बायको दारात होती. तिनं त्याच्याकडे पाहिलं, त्याच्या मागच्या रस्त्याकडे पाहिलं, आणि ती उंबऱ्यावरच खाली बसली. मग उठून तिनं वाळत घातलेली लुगडी काढली आणि घड्या घालून ठेवून दिली.

पुढं त्यानंच उंबरावर दोर टाकला. रोज सकाळी तिथं बसायचा आणि दगड ओढायचा. वर न्यायचा, खाली सोडायचा. हळूहळू दंड भरले, घट्टे परत आले, मूठ पूर्वीपेक्षा घट्ट झाली. कुंपणाशी थांबून आता कुणी हसत नव्हतं. नाव मात्र त्यानं पुन्हा कधी ओढली नाही. पलीकडून आणायचं असं त्याचं कुणी उरलंच नव्हतं.

एकदा परगावचा वाटसरू तिथं टेकला. त्यानं सहज विचारलं, "तुमचा पाय मोडला होता म्हणे. कसा आहे आता?"

"पाय ना?" नावाडी दोर न सोडता म्हणाला. "पाय उत्तम आहे."

तेव्हापासून त्या गावात कुणाचा पाय मोडला, की हाडं बसवणारी बाई कामट्या बांधायच्या आधी अंगणात दोर आणि दगड बांधून घेते, आणि येणारे-जाणारे आधी हात कसे आहेत ते विचारतात.

बोध एवढाच: जे मोडलंय ते बरं होईपर्यंत जे धड आहे त्याला कामाला लावा, नाहीतर मोडलेलं जुळतं आणि धड होतं तेच ऐन वेळी दगा देतं.